ओढ्याकाठची लहान खाण आणि आपल्या घरातील पाणी

‘दोन-तीन एकरांची तर खाण; तिला पर्यावरणाची परवानगी कशाला?’ हा प्रश्न आपल्याही कानी आला असेल. ओढ्यातील गोटे, खडी वा मुरूम काढणाऱ्याला तो स्वाभाविक वाटतो, आणि एके काळी कायदाही बऱ्याच अंशी त्याच्याच बाजूचा होता. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पाच हेक्टरांहून, म्हणजे सुमारे सव्वाबारा एकरांहून, लहान खाणींना पूर्वमंजुरीची सक्ती नव्हती. साहजिकच मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडण्याची सोय झाली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. पाच हेक्टरांखालील गौण खनिजाच्या पट्ट्यालाही तेव्हापासून पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे.

कौटुंबिक आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. त्यासाठी ओढ्याच्या पात्राकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे लागते. पात्रातील खडी-वाळूचा थर वरवर निरुपयोगी दिसतो. प्रत्यक्षात तो पाणी धरून ठेवतो, गाळतो आणि हळूहळू काठच्या विहिरींकडे सोडतो. थर खरवडून निघाला की पावसाचे पाणी न थांबता वाहून जाते आणि विहिरींची पातळी उन्हाळ्याआधीच खालावते. खडी धुतलेले गढूळ पाणी ओढ्यात सोडले तर आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. गढूळपणाच्या बारीक कणांआड जंतू लपतात, तर त्याच पाण्यातील सेंद्रिय गाळ क्लोरीन खर्ची घालतो. घरी नेहमीइतकेच जंतुनाशक टाकूनही मुलांना जुलाब का होतात, याचे एक उत्तर येथे सापडू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५.

धुळीचेही तसेच. सह्याद्रीच्या काळ्या दगडात मुक्त सिलिका तुलनेने कमी असते. पूर्व विदर्भात मात्र गारगोटीयुक्त खडी पुष्कळ आढळते. ती फोडताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस होतो. या आजारावर बरे करणारे औषध नाही, आणि क्षयरोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. म्हणून दगड ओला करून फोडणे, वाहतुकीच्या रस्त्यावर पाणी मारणे, वाहनांवर ताडपत्री टाकणे या अटींना कागदी सोपस्कार समजू नये. खाणमजुरांची कुटुंबे बहुधा खाणीलगतच राहतात. पहिला घास त्यांच्याच फुप्फुसांचा जातो.

आता कागदपत्रांविषयी. खनिपट्टा, मान्यताप्राप्त खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, आणि १९७४ च्या जल व १९८१ च्या वायू अधिनियमांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, असा हा साधारण क्रम. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची वा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारसही लागते. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने लहान खाणींसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरणे नेमली आणि प्रक्रिया सोपी केली. ती गरजेपेक्षा जास्तच सोपी झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही सप्टेंबर २०१८ मध्ये त्या सवलतींवर आक्षेप घेतला. त्याच अधिसूचनेतील एक तरतूद मात्र मोलाची आहे. एकाच प्रकारच्या खनिजाच्या क्षेत्रात दोन पट्ट्यांच्या सीमांमधील अंतर ५०० मीटरांहून कमी असेल, तर त्यांचा समूह मानून विचार होतो. ओढ्याकाठी ओळीने तीन ‘लहान’ खाणी दिसत असतील, तर त्यांच्या मंजुरीत समूहाचा विचार झाला आहे का, हे अवश्य पाहावे.

हे पाहता येते का? येते. मंजुरीच्या अटी ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावर शोधता येतात. तेथे न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात मागता येतात. खाणधारकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो. त्या अहवालात ओढ्यापासूनचे अंतर, खोदाईची खोली, पाण्याच्या पातळीखाली न जाण्याची अट आणि खड्डा अखेरीस बुजवण्याची वा कुंपण घालण्याची व्यवस्था प्रथम वाचावी. सोडून दिलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, डास वाढतात; पोहायला उतरलेली मुले बुडण्याची भीती असतेच.

खाण सुरू होण्यापूर्वी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, आपल्या विहिरीचे पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवावा. पुढे पाणी बिघडल्यास ‘पूर्वी कसे होते’ याचा पुरावा तोच ठरतो. मंजुरीलाच हरकत असेल तर हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते.