बटाट्याचं औषध मातीतच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपलं सोलापूर ज्वारीचं. बटाटा पिकावा तो मंचर-खेडकडे. तरीही दिवाळीच्या सुमारास घरामागच्या चार वाफ्यांत मी बटाटा लावतो. पहिल्या वर्षी टोपलीभर निघाला. हौसेनं रात्रभर अंगणातच पसरून ठेवला. अम्मी म्हणाली, "झाकून ठेव रे." मी ऐकलं नाही. महिन्याभरात निम्मे बटाटे आतून पोखरलेले! डोळ्यांपाशी काळसर विष्ठा आणि आत अळी.

ही करामत पाकोळीची. १९०६ साली इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बियाण्याबरोबर ही कीड भारतात शिरली. हा करड्या रंगाचा छोटा पतंग संध्याकाळनंतर उडतो आणि उघड्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालतो. साठवणीतही त्याची पैदास चालूच राहते.

शेजाऱ्यांनी विषारी पावडर सुचवली. पण जे बटाटे उकडून नातवंडांना द्यायचे, त्यांवर ती कशी टाकावी?

मग उपाय कोणता? माती! आपली काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून पाकोळीला वाट मिळते. म्हणून काढणीपर्यंत बेताचं पाणी देऊन भेगा बुजवाव्यात. लावणीनंतर महिन्याभरानं झाडांना मातीची भर द्यावी. बटाट्यावर दोन-अडीच इंच माती हवीच. उन्हानं तो हिरवा पडून खाण्याला अपायकारक होतो, तेही त्यामुळं टळतं. शेजारी वांगी-टोमॅटो लावू नयेत. पाकोळी त्यांच्यावरही जगते.

पानांवर मावा दिसला तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवावी, गाळून त्यात थोडा साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावं. मात्र ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसले तर आधी थोडं थांबावं. मावा हेच त्यांचं खाणं! पानं आकसलेल्या झाडाचा बटाटा बियाण्याला ठेवू नये. मावा विषाणूजन्य रोग पसरवतो.

काढलेले बटाटे त्याच दिवशी निवडून घरात आणावेत. किडके खोल पुरावेत. चांगले बटाटे थंड, अंधाऱ्या जागी पसरून खाली-वर घाणेरीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. आठवड्यातून एकदा चाळून पाहावेत.

आता काढणीच्या दिवशी अम्मीनं सांगायच्या आधीच मी गोणपाट घेऊन वाफ्यात उतरतो. तरी ती सांगतेच.