डिस्ट्रो बदलताय? आधी आयुष्य विचारा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत आरसे स्थिर ठेवणारे संगणक लिनक्सवर चालतात आणि सेकंदाला 16,384 वेळा हिशेब करतात. तिथे देखण्या डेस्कटॉपचं कौतुक कोणाला!

उबुंटू किंवा मिंटवर हात बसला, की नव्या डिस्ट्रोचे, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचे, वेध लागतात. तेव्हा लायगोचीच गोष्ट आठवावी. अमेरिकेतल्या लायगोच्या विदा-विश्लेषणासाठी अनेक वर्षं सायंटिफिक लिनक्स हे डिस्ट्रो वापरलं गेलं. फर्मीलॅब आणि सर्नसारख्या प्रयोगशाळांचा त्याला आधार होता. तरीही 2019 मध्ये फर्मीलॅबने आठवी आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं आणि सातवीचा आधार जून 2024 मध्ये संपला. म्हणजे उत्तम चाललेलं डिस्ट्रोही थांबतं. सांभाळतं कोण आणि किती वर्षं, हे आधी बघा. रॉकी लिनक्सची मुख्य आवृत्ती सुमारे 10 वर्षं सांभाळली जाते, डेबियनची 5. आर्चला आवृत्त्याच नाहीत. नवं ते सतत येतं आणि अधूनमधून डागडुजी आपल्यालाच करावी लागते. शिकायला ते झकास, पण दुकानाची बिलं ज्या संगणकावर निघतात तिथे नको.

रंगरूप कुठेही बदलता येतं, त्यावर वेळ घालवू नका. नवं डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय आणि प्रिंटर तपासा, फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि मगच जुनं पुसा.