काळ्यापांढऱ्यातले खून

श्रावणात तोरणमाळला संध्याकाळी पाचलाच दिवे लावावे लागतात. यशवंत तलावावरून धुकं चढत येतं, आणि मग समोरचा माणूस आधी आवाजानं ओळखायचा, चेहरा नंतर. गेल्या पावसाळ्यात तिथे मुक्कामाला असताना रात्री वीज गेली. लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी होती, म्हणून श्रीराम राघवनचा १९९१चा 'रमन राघव' हा गुन्हेपट पुन्हा लावला.

या जातीच्या गुन्हेपटांशी आमच्या पिढीची ओळख तशी अपघातानंच झाली. १९४०च्या दशकात हॉलिवूडनं मुद्दाम अंधार रचला. भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली, ओला रस्ता, टोपीखाली अर्धा झाकलेला चेहरा. फ्रेंचांनी त्याला 'नॉयर', म्हणजे काळा, असं नाव दिलं. आमचा अंधार मात्र टीव्हीनं पुरवलेला. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत प्रक्षेपण आलं, तरी पुण्यात मामाकडचा शटरवाला सेट पुढे कितीतरी वर्षं काळापांढराच होता. त्यावर मुंबई दूरदर्शनची 'एक शून्य शून्य' ही मालिका दिसायची. नाव पोलिसांच्या फोन नंबरावरून घेतलेलं. त्यातले शिवाजी साटम तेव्हा बँकेत नोकरी करणारे नट होते, आणि चेहराही तसाच, रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसाला ओळखीचा वाटावा असा. मामा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून पोसलेला. "कॅमेरा ज्याच्यावर उगाच थांबतो ना, खुनी तोच," असं तो पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचा. बहुतेक वेळा चुकायचा. त्या वेळात दारावर थाप पडली तर कडी काढायला कोणी उठायचं नाही.

'एक शून्य शून्य'मागे होते बी. पी. सिंग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकून ते मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवत. त्या कामात क्राइम ब्रँचच्या अधिकाऱ्यांशी ओळखी झाल्या. १९८६ साली त्यांनी 'सिर्फ चार दिन' हा तासाभराचा खुनाचा टीव्हीपट केला. पुढच्या 'सीआयडी'चं बी तिथलंच. ती मालिका सुरू झाली २१ जानेवारी १९९८ला, आणि तोरणमाळ ज्यात येतं तो आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी १ जुलैला. म्हणजे मालिका आमच्या जिल्ह्यापेक्षा पाच महिन्यांनी थोरली!

'सीआयडी' वीस वर्षं चालली, २०१८ला थांबली, २०२४च्या डिसेंबरात परत आली. माझ्या मते मात्र तिच्यातला अंधार फार लवकर उजळला. दारं तुटायला लागली, प्रयोगशाळेत निळे-हिरवे दिवे आले. ७ नोव्हेंबर २००४चा, एकाच सलग शॉटमध्ये घेतलेला १११ मिनिटांचा भाग तेवढा अपवाद. कट नाही, म्हणजे बघणाऱ्यालाही सुटका नाही.

राघवननी 'सीआयडी'साठीही काम केलं, पण अंधाराचं मर्म त्यांना त्याआधीच कळलं होतं. 'रमन राघव'मध्ये रघुवीर यादव आहेत आणि साठच्या दशकातली मुंबई आहे, झोपड्यांत आणि उघड्यावर झोपणाऱ्यांची. रात्री डोक्यात जड वस्तू घालून मारणारा खरा रमन राघव २७ ऑगस्ट १९६८ला सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांच्या हाती लागला. कोठडीत तो तोंड उघडेना. शेवटी काय हवं विचारल्यावर म्हणाला, कोंबडी. ती पोटभर खाल्ल्यावर बोलायला लागला. कितीही सावल्या पाडल्या तरी कोंबडीची ती प्लेट जे करते ते दिव्यांना जमणार नाही.

त्या रात्री विश्रामगृहाचा रखवालदार टॉर्च घेऊन आला होता, तो माझ्या मागे उभा राहूनच बघत होता. स्क्रीन विझली तेव्हा त्यानं विचारलं, "साहेब, खरं झालेलं का हे?"

"हो."

"मग धरला ना त्याला?"

"धरला. पन्नासहून जास्त वर्षं झाली. पंच्याण्णव साली ससून हॉस्पिटलात मेलासुद्धा."

बरं, म्हणून तो व्हरांड्यात गेला. पायऱ्या उतरला, थांबला, परत वर आला, आणि मी आतून लावलेलं दार त्यानं बाहेरून एकदा ढकलून पाहिलं.