जीवपत्ता
कल्पनारम्य विषयावरील संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील एक पत्तेप्रकार. अशा पत्त्यावर एखादा पशू, योद्धा, देवदूत वा राक्षस चितारलेला असतो आणि डावात तो पत्ता त्या जीवाचे कार्य करतो. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अमेरिकन खेळातील ‘क्रीचर’ हे पत्ते या प्रकाराचे प्रमुख उदाहरण होत. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड (१९६३–    ) यांनी रचलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला.

या खेळात प्रत्येक खेळाडू स्वतः जमविलेल्या पत्त्यांतून आपला जोड तयार करतो. सामान्यतः जोडात किमान ६० पत्ते असतात व मूलभूत भूमिपत्ते वगळता एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. प्रत्येकाचे आरंभीचे जीवनगुण २० असतात. प्रतिपक्षाचे जीवनगुण शून्यावर आणणे हा विजयाचा प्रमुख मार्ग असून ते काम बहुधा जीवपत्त्यांकडून होते.

जीवपत्त्याच्या वरच्या भागात नाव व मूल्य, मध्ये चित्र व जातिनिर्देश, त्याखाली विशेष गुणांचा मजकूर आणि उजव्या कोपऱ्यात तळाशी दोन अंक असतात. पहिला अंक बलाचा, म्हणजे तो जीव किती इजा करतो याचा. दुसरा चिवटपणाचा, म्हणजे किती इजेने तो नष्ट होतो याचा. पत्ता खेळण्यासाठी ‘माना’ नावाची जादुई शक्ती खर्चावी लागते. ती मुख्यतः भूमिपत्ते आडवे करून मिळते. पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा या तिच्या पाच रंगांना अनुक्रमे मैदान, बेट, दलदल, डोंगर व वन या भूमी पुरवितात. उदा., ‘ग्रिझली बेअर्स’ या पत्त्यास एक हिरवा व कोणत्याही रंगाचा एक असे दोन माना लागतात व त्याचे अंक २/२ आहेत.

नव्याने मांडलेला जीव सामान्यतः त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही. पुढे हल्ला करताना तो आडवा केला जातो. हल्ला प्रतिपक्षाच्या जीवांवर नसून मुख्यतः खुद्द खेळाडूवर असतो. कोणता जीव कोणाला अडवील, हे बचाव करणारा ठरवितो. अडविले न गेल्यास हल्लेखोराच्या बलाइतके जीवनगुण कमी होतात. अडविल्यास दोन्ही जीव एकाच वेळी परस्परांना इजा करतात. २/२ ने २/२ ला अडविल्यास दोन्ही ‘स्मशान’ या ढिगात जातात. ३/३ अंकांच्या हल्लेखोराला दोन २/२ जीवांनी मिळून अडविल्यास तो मरतो, परंतु आपली इजा वाटून त्यांपैकी एकाला मारू शकतो. प्राणघातक न ठरलेली इजा पाळीच्या अखेरीस नाहीशी होते.

आडवा झालेला जीव अडवू शकत नाही आणि तो आपल्या पुढील पाळीच्या आरंभीच पुन्हा उभा केला जातो. त्यामुळे हल्ल्यास पाठविलेला जीव प्रतिपक्षाच्या पाळीत बचावास उपलब्ध नसतो. शत्रूचे जीवनगुण घटवावेत की आपले राखावेत, हा निर्णय दर पाळीस घ्यावा लागतो व खेळाचे मर्म त्यातच आहे. विशेष गुणांमुळे हे गणित पालटते : उडणाऱ्या जीवाला सामान्यतः उडणाराच अडवू शकतो; काही जीव प्रथम प्रहार करतात; काहींची अडविणाऱ्यास मारून उरलेली इजा खेळाडूस लागते. पाच माना लागणारा ‘सेरा एंजल’ हा ४/४ अंकांचा देवदूत उडतो आणि हल्ला करतानाही आडवा होत नाही.

जीवपत्त्यांचे नियम कालांतराने बदलत गेले. आरंभी जातिनिर्देशात ‘समन’ (आवाहन) हा शब्द असे. १९९९ मध्ये त्याऐवजी ‘क्रीचर’ हा शब्द आला. त्याच वर्षीच्या नियमांनुसार झुंजीतील इजा आधी ठरविली जाई व नंतर लागू होई. मधल्या अवधीत जीवाचा बळी दिला, तरी त्याने करावयाची इजा कायम राही. ही तरतूद २००९ मध्ये रद्द करण्यात आली. तेव्हापासून जीव टिकवून त्याच्याकडून इजा करवावी, की त्याचा बळी देऊन अन्य लाभ घ्यावा, यांपैकी एकाची निवड खेळाडूस करावी लागते.