पडद्याच्या तळाशी असलेली पट्टी

संगणकाच्या पडद्याला मेजाची उपमा देण्याची रीत आता जुनी झाली आहे. मेजावर कागदांवर कागद पडावेत त्याप्रमाणे पडद्यावरही एका चौकटीवर दुसरी चौकट येऊन पडते. परंतु मेजावरील खालच्या कागदाचा निदान एखादा कोपरा बाहेर डोकावत असतो. पडद्यावर पूर्ण पसरलेली चौकट मात्र आपल्याखालील सर्व काही झाकून टाकते, आणि नवख्या माणसाला आपले अर्धवट लिहिलेले पत्र नाहीसे झाले असे वाटू लागते. विंडोज या प्रणालीतील टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाशी असणारी अरुंद पट्टी, हा मुख्यतः या भीतीवरील उपाय होय.

१९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये बाजूस सारलेले काम एका लहान चिन्हाच्या रूपाने पडद्याच्या तळाशी जाऊन बसत असे. तेथवर दुसरी चौकट पसरली की ते चिन्हही तिच्याखाली जाई. पुढील आवृत्तीची आखणी करताना मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञांनी नवशिक्यांना संगणकापुढे बसवून त्यांचे निरीक्षण केले. मागे गेलेली चौकट त्यांच्या लेखी जणू संपलेलीच असते, असे त्यांना आढळले. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज ९५ मध्ये म्हणून प्रत्येक उघड्या कामासाठी तळच्या पट्टीवर एक बटण ठेवण्यात आले. ही पट्टी सहसा कोणत्याही चौकटीखाली जात नाही. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या १९८७ च्या संगणकातही तळाशी चिन्हांची पट्टी होती. पण घरोघरी पोहोचली ती विंडोजची पट्टी.

पट्टीच्या डाव्या टोकाला ‘स्टार्ट’ हे बटण होते. आरंभ येथून करावा हे कोणाच्या ध्यानात न आल्यास पट्टीवरून एक बाण सरकत येई आणि येथे कळ दाबा असे सुचवी. संगणक बंद करण्यासाठीही हेच ‘आरंभ’ बटण दाबावे लागते, यावर त्या काळी पुष्कळ विनोद झाले, आणि ते अनाठायी नव्हते.

पट्टी पडद्याच्या अगदी कडेला असण्यालाही अर्थ आहे. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडला. माऊस कितीही जोराने लोटला तरी दर्शक कडेपाशीच थांबतो. म्हणून कडेला असलेले लहान बटणही प्रत्यक्षात मोठे ठरते, आणि कोपऱ्यातील बटण तर डोळे मिटूनही सापडावे. विंडोज ९५ मध्ये मात्र स्टार्ट बटण आणि कड यांमध्ये केसाएवढी फट राहिली होती. अगदी कोपऱ्यात जाऊन कळ दाबली तर काहीच घडत नसे. पुढील आवृत्त्यांत ही उणीव दूर झाली.

२००९ साली विंडोज ७ ने आणखी एक बदल केला. नेहमीचे कार्यक्रम पट्टीवर कायमचे टाचून ठेवता येऊ लागले, आणि उघडे काम व न उघडलेला कार्यक्रम यांतील भेद पुसट झाला. सध्याच्या विंडोजमध्ये चिन्हाखालील बारीक रेषेवरून तो ओळखावा लागतो. बटणांवरील नावे गेली, एकाच कार्यक्रमाच्या चौकटी एका चिन्हात गोळा झाल्या. पट्टी नीटस दिसू लागली खरी, पण एकाच वेळी पाच पत्रे उघडून बसणाऱ्या कारकुनाची त्यात सोय झाली नाही. नावे दाखवण्याचा पर्याय तोवर ठेवलेला होता; २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तोही वगळला गेला आणि तक्रारींनंतर २०२३ साली परत आला.

पट्टी आपल्या सोयीने बदलण्यासाठी तिच्या मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबावी म्हणजे मांडणीचा पर्याय दिसतो. विंडोज ११ मध्ये चिन्हे मधोमध असतात. ती तेथूनच डावीकडे नेता येतात, नको असलेला शोधाचा रकाना काढता येतो, चिन्हे ओढून त्यांचा क्रम बदलता येतो. क्रम लावण्याचे कष्ट वाया जात नाहीत, कारण विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून एक ते नऊ यांपैकी अंक दाबला की त्या क्रमांकाचे काम समोर येते. पट्टी आपोआप लपवण्याचीही सोय आहे. लहान पडद्यावर ती उपयोगी पडते. परंतु नवशिक्याच्या संगणकावर ती वापरू नये, कारण जी गोष्ट नजरेसमोर राहावी म्हणून निर्माण झाली तीच मग नजरेआड होते.

उजव्या टोकाला घड्याळ, ध्वनी आणि जोडणी यांची चिन्हे असतात. एकाहून अधिक कळफलक जोडलेले असल्यास तेथेच चालू भाषेची खूण दिसते. मराठी लिहिताना इंग्रजी अक्षरे उमटू लागली, की प्रथम तिकडे पाहावे. विंडोजची कळ धरून मधली लांब कळ दाबल्यास भाषा बदलते.

हे सारे बदल ज्याच्या त्याच्या खात्यापुरते जपले जातात. एकाच संगणकावर अनेक जण काम करत असतील तर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे एकाने लावलेली पट्टी दुसऱ्याला विस्कटलेली वाटण्याचा प्रसंग येत नाही.