शिडाच्या होडीला मोटार किती मोठी?

वारा पडला आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली, की मोटार आठवते. दुकानात हमखास सल्ला मिळतो: थोडी मोठीच घ्या. शिडाच्या होडीला तो लागू पडत नाही. चालणारी होडी पाण्यात लाट उठवते. वेग वाढला की लाट लांबते, आणि ती होडीएवढी लांब झाली की होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. पाण्याला टेकणारी लांबी 18 फूट असेल तर ही मर्यादा साधारण पावणेसहा नॉट, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. त्यापुढची अश्वशक्ती फक्त पेट्रोल पिते. टनभर वजनाच्या होडीला 4 ते 6 पुरते.

खरी मेख आहे दांड्याच्या लांबीत. 15 इंची दांडा स्वस्तात मिळाला तरी नको. लाटेवर नाळ खाली गेली की पिछाडी उचलली जाते, पंखा हवेत फिरतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी! किमान 20 इंची घ्यावा. मागची फळी उंच असेल तर 25. पंखा कमी पिचचा, म्हणजे वेगापेक्षा रेटा देणारा. आणि वजन बघाच. मागे टांगलेली 40 किलोची मोटार शिडावर जातानाही पिछाडी दाबून धरते.