बेनेलक्स : तीन शेजाऱ्यांचा सहकार

बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांचा आर्थिक संघ १९२१चा. नेदरलँड्स त्यांना येऊन मिळाले ते युद्धाच्या धामधुमीत. तिन्ही परागंदा सरकारांनी ५ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये जकात करारावर सह्या केल्या. ब्रुसेल्स मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. लक्झेंबर्ग आणि संपूर्ण नेदरलँड्सवर जर्मनांचाच अंमल होता. पायाखालची जमीन परत मिळण्याआधी शेजाऱ्याशी व्यापाराचे नियम ठरवणे, ही दूरदृष्टी थक्क करणारी आहे.

१ जानेवारी १९४८पासून आपसांतली जकात उठली आणि बाहेरच्या मालावर तिघांचा दर एकच झाला. घोडे अडले शेतमालावर. स्वस्त डच शेतमालाची बेल्जियन शेतकऱ्यांना धास्ती होती, त्यामुळे तिथे संरक्षण ठेवावेच लागले.

तरीही या तिघांनीच १९५५मध्ये सामायिक बाजारपेठेचा प्रस्ताव मांडला. डच परराष्ट्रमंत्री योहान बेयेन आणि बेल्जियमचे पॉल-आन्री स्पाक हे त्यामागचे सूत्रधार. १९५७चा रोम करार त्यातूनच आकाराला आला.

बेनेलक्स आर्थिक संघाचा करार १९५८मध्ये हेगला झाला, ५० वर्षांच्या मुदतीचा. २००८मध्ये त्याच्या जागी नवा करार झाला. सचिवालय आजही ब्रुसेल्समध्येच आहे.